चुलीच्या तोंडाचं माप

मी परभणी जिल्ह्यात ग्रामसेविका होते, तेव्हा ‘शाश्वत विकास’ हा शब्द आमच्यापर्यंत पोचला नव्हता. पोचायचं ते ‘उद्दिष्ट’. जंगल वाचावं, बायकांच्या डोळ्यांतला धूर जावा असं दिल्लीत ठरलं. ते मुंबईला आलं, मग परभणीला, मग तालुक्याला, आणि शेवटी सेलूच्या एसटी स्टँडवर सिमेंटचे पाइप घेऊन मी उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, “बाई, लढाईला निघालात का? तोफा टपावर टाका.”

योजना निर्धूर चुलीची होती. चूल मातीचीच, पण साच्यात घडवलेली. वर दोन भांड्यांना दोन भोकं आणि धूर बाहेर काढायला पाइप. सगळी मापं छापून आलेली. माझ्या वाट्याला वालूरच्या अलीकडचं एक गाव आलं. आधी गावातल्याच बायकांना चुली घालायला शिकवायचं होतं. पुष्कळजणींनी नावं दिली आणि आली एकच. ती बौद्धवाड्यातली होती, पस्तिशीची. बांधकामावर राबलेला हात, माती नुसती चोळून ती सांगायची की हिला भुसा कमी पडलाय. तोंडानं मात्र फटकळ.

दिवस मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे होते. गावातल्या दोन वस्त्या एकमेकींशी मोजून बोलत होत्या. त्यात चूल म्हणजे घरातली सगळ्यात आतली जागा. पहिली चूल सरपंचांकडे घालायचं ठरलं, कारण यादीत त्यांचं नाव वर पाहिजे होतं. पण त्यांच्या आईनं हिला ओसरीखालीच थांबवलं.

“तू अंगनातून सांग. आमचा गडी बसवंल आत.”

मी काहीतरी बोलायला हवं होतं. बोलले नाही, हे इथं कबूल करते. ती अंगणातून ओरडून सांगत राहिली आणि आत गडी तीनातला एक शब्द ऐकत राहिला. ‘मागचं भोक उंच’ हे त्यानं ‘मागची भिंत उंच’ असं ऐकलं. पाइपासाठी माळवदाच्या मातीच्या छताला भोक पाडायची वेळ आली, तेव्हा सरपंच आडवे आले. “पावसात गळंल. भोक न्हाई पाडायचं.” पाइप छताखाली वीतभर थांबला. तिनं घमेलं उचललं आणि मला म्हणाली, “बाई, चला. ही चूल आता त्यायची त्यायला लखलाभ.”

दुसऱ्या दिवशी सरपंचांच्या घरी जाळ झाला. आधी धूर खालून वर जायचा, आता वरून खाली उतरू लागला. उभ्यानं खोकणारी माणसं बसून खोकू लागली. यादीत मात्र त्यांच्या नावापुढे मी ‘बसवली’ असं लिहिलं. बसवली होतीच.

तिनं आपल्या वस्तीत घातलेल्या चुली बघायला गेले, तर तिथं वेगळीच आफत. धूर सरळ पाइपानं वर जात होता, स्वयंपाकघरात श्वास घेता येत होता. पण प्रत्येक चुलीचं तोंड छापील मापापेक्षा चार बोटं रुंद.

“अगं, हे काय केलंस? माप ठरलेलं आहे.”

“कापसाची पऱ्हाटी आत जाईना. भाकर निखाऱ्याच्या आराला उभी राहिना. कच्ची भाकर खायाची का?”

“पण दिल्लीनं छापलंय ते!”

“मंग छापनाऱ्याला जेवायला बोलवा.”

महिन्याभरात पाहणीचा निरोप आला. दिल्लीहून साहेब येणार. सरपंचांनी फेटा बांधला, चूल शेणानं सारवून घेतली आणि आईला ताकीद दिली की कुणी जाळ करायचा नाही. जीपमधून साहेब उतरलेच नाहीत, उतरल्या एक बाई. पन्नाशीच्या, सुती साडी, हातात मोजपट्टी. सरपंच हार घेऊन क्षणभर जीपमध्ये साहेब शोधत राहिले. मग भानावर येऊन म्हणाले, “आइए, तशरीफ रखिए.”

बाई थेट स्वयंपाकघरात. “चूल्हा जलाइए,” त्या म्हणाल्या.

सरपंचांनी लाकडं ओली असल्याचं सांगितलं. बाईंनी कोपऱ्यातल्या वाळक्या तुराट्या स्वतःच आत घातल्या आणि काडी ओढली. दोन मिनिटांत दिल्ली, तालुका आणि गाव, सगळे एका रांगेत डोळे पुसत अंगणात आले. बाईंनी खोकत माझ्याकडे पाहिलं. “एक भी चलता है?”

आता सुटका नव्हती. त्यांना बौद्धवाड्यात नेलं. ती भाकरीच थापत होती. चूल धडधडत होती, धूर नव्हता. बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. मग त्यांनी चुलीच्या तोंडाला मोजपट्टी लावली आणि हसू थांबलं. माझी नोकरी त्या चार बोटांत अडकलेली मला स्पष्ट दिसली.

तिनं तव्यावरची भाकरी काढून चुलीच्या तोंडाशी आराला उभी केली. भाकरी टम्म फुगली. झाडून पितळीत ठेवली, वर ठेचा, आणि पितळी सरळ बाईंच्या हातात. “खा. मंग मोजा.”

बाई जमिनीवर बसल्या आणि खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं, पण ते ठेच्याचं. दुसरी मागितली. दाराशी उभ्या सरपंचांना म्हणाल्या, “आप नहीं लेंगे?”

“मेरा आज उपास है,” सरपंच म्हणाले.

सकाळी त्यांनी माझ्यासमोर पोहे खाल्ले होते. मी पाइपाकडे बघत राहिले.

बाईंनी चुलीचं नवं माप वहीत उतरवलं, पऱ्हाटीचा तुकडा पिशवीत टाकला आणि गेल्या. माझ्यावर काहीच आलं नाही. आलं ते बऱ्याच महिन्यांनी, एक परिपत्रक. ‘स्थानिक इंधन व स्वयंपाकाची पद्धत विचारात घेऊन चुलीच्या तोंडाचे माप वाढविण्यास हरकत नाही.’ ते एकट्या आमच्या गावामुळं निघालं, असं मी म्हणणार नाही. भाकरी पुष्कळ ठिकाणी कच्ची राहिली असेल. तरी मी ते घेऊन पळतच तिच्याकडे गेले आणि वाचून दाखवलं.

तिनं शांतपणे ऐकलं. “म्हंजी आपून चुकलो नव्हतो.”

“नव्हतो.”

“मग ते चुकले म्हून लिवलंय का कुठं?”

मी पुन्हा नीट वाचलं. लिहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सरपंचांच्या आई काठी टेकत बौद्धवाड्याच्या तोंडाशी आल्या. डोळे लाल, सुजलेले. “चल बाई, ती चूल फोड आन तुजी घाल.”

“मी आतून घालीन. आन घातली की पहिली भाकर मी भाजीन. मी घातलेल्या चुलीची तीच रीत हाय.”

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, “भाज. पन मीठ कमी टाकू नको.”

“भाकरीत मीठ कोन टाकतं?” ती म्हणाली, आणि घमेलं घ्यायला आत गेली.