कमी प्रश्न विचारणारे गृहस्थ

१२ फेब्रुवारी, मंगळवार. हवा कोंदट. नातीला तपासणीला नेलं. तपासणारे गृहस्थ सभ्य, बोलणं मोजकं. तासाभरात काम झालं, निकाल संध्याकाळीच हातात. दोष काही नाही. लक्ष कमी, सराव हवा. परतताना खारूला केळी घेतली. लेकीला फोन केला, तिलाही हायसं वाटलं.

रोज जेवणाआधी चार ओळी लिहायच्या, सरळ, खाडाखोड न करता, ही सवय बाईंना शाळेतल्या सिस्टरांनी लावली. लग्नात, बाळंतपणात, नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यातही ती मोडली नव्हती. त्या मंगळवारच्या ओळींत खोटं काही नव्हतं. त्या गृहस्थांनाच का निवडलं, एवढंच तिथे नव्हतं.

शेजारी त्यांना चष्मेवाल्या बाई म्हणत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्यात घालवली होती. पडदा ओढलेली अरुंद खोली, एका टोकाला उंच खुर्ची, दुसऱ्या टोकाला अक्षरांचा तक्ता. बाहेर बाकावर बसल्या बसल्या गिऱ्हाइकं पडद्याच्या फटीतून तक्ता पाठ करायची, विशेषतः गाडीचा परवाना हवा असलेली. बाई शांतपणे म्हणायच्या, "छान. आता शेवटून वाचा." की माणूस अडकलाच. "यांच्यासमोर डोळा मारायची सोय नाही," मालक म्हणायचे, "तेवढ्यात नंबर काढतील."

म्हणून शाळेतून चिठ्ठी आली तेव्हा लेकीने काम त्यांच्यावर सोपवलं. चिठ्ठीत लिहिलं होतं, मुलगी हुशार आहे पण वाचन-लेखन वर्गाच्या फार मागे आहे, अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. लेक बस डेपोत तिकिटाच्या खिडकीवर, जावई बाहेरगावी.

"आई, तूच ठरव कोणाकडे न्यायचं," लेक म्हणाली. "तपासण्यातच तुझी हयात गेली."

शाळेने तीन ठिकाणं दिली होती. मोठ्या इस्पितळात पुढच्या वर्षीची तारीख मिळत होती. दुसऱ्या एक बाई होत्या, चपलांच्या दुकानावर त्यांची खोली. त्यांनी फोनवरच चौकशी सुरू केली. मुलगी बोलायला कधी लागली, जुन्या वह्या ठेवल्या आहेत का, दोन-तीनदा आणावं लागेल, चालेल का. आणि मग, "घरात आणखी कोणाला वाचायला जड जायचं का? आजोबा, मामा, कोणीही?"

"मी मग फोन करते," म्हणून चष्मेवाल्या बाईंनी फोन ठेवला.

"फार चौकशा करते ती," त्यांनी लेकीला सांगितलं. "लग्न जमवायला निघाल्यासारखी."

तिसरे ते गृहस्थ. त्यांनी फक्त वय आणि इयत्ता विचारली.

बाईंचे यजमान लाकडी सामानाला पॉलिश करायचे. बाई त्यांना नुसतं 'हे' म्हणायच्या. लग्नानंतर थोड्याच दिवसांत हे म्हणाले होते, "छापलेलं वाचायला बसलं की अक्षरं हलतात गं." बाईंनी कौतुकाने त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि चष्मा दिला. काही महिन्यांनी तो बदलला. मग पुन्हा बदलला. तक्त्यावरचं सुटं अक्षर हे बरोबर ओळखायचे, वर्तमानपत्राच्या ओळीत मात्र बुडायचे. एकदा विजेच्या खात्याची नोटीस त्यांनी तशीच ठेवून दिली आणि वीज तोडली गेली. पाहुण्यांच्या देखत बाई बोलून गेल्या, "दोन ओळी वाचायचाही कंटाळा?" हे हसले. त्यानंतर अक्षरं हलतात असं ते कधी म्हणाले नाहीत. रोज सकाळी वर्तमानपत्र उघडून बसायचे, पानं उलटायचे. बाईंना पुढे सगळं कळलं. पण ह्यांनी झाकलेलं आपण का उघडायचं, म्हणून त्या गप्प राहिल्या, आणि लेक वाचणाऱ्या बापाची मुलगी म्हणून वाढली.

ते आता चपलांच्या दुकानावरच्या एका परक्या बाईला सांगायचं? चोराच्या मनात चांदणं. बाईंनी गृहस्थांची वेळ घेतली.

निकालात सराव हवा असं होतं, तेव्हा बाईंनी सराव घेतला. शाळेतून आल्यावर एक पान वाचन, एक पान लेखन, चुकलेला शब्द दहादा. खारू एरवी क्षणभर स्वस्थ बसायची नाही, म्हणून तर तिचं नाव खारूताई पडलं होतं. पण पुस्तक समोर आलं की ती दगड व्हायची. पुढे पुढे वाचन सुधारल्यासारखं वाटलं. एक दिवस बाईंच्या लक्षात आलं, पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरचं वाक्य पोरीच्या तोंडातून येतंय. आदल्या दिवशी आईकडून ऐकून तिने धडा पाठ केला होता. आयुष्यभर असली गिऱ्हाइकं हटकणाऱ्या बाई आपल्या घरातल्या गिऱ्हाइकाला शाबासकी देत होत्या.

"कंटाळा करतेस," त्या रागाने म्हणाल्या. आणि तो शब्द आपणच पूर्वी वापरल्याचं त्यांना आठवलं.

सप्टेंबर लागला तशी पोर सकाळी पोट धरून बसायला लागली. एका संध्याकाळी तिने वही बाजूला सारली. "आजी, अक्षरं हलतात. माझा नंबर काढ ना."

बाईंनी उठून चपलांच्या दुकानावरच्या बाईंना फोन लावला.

ऑक्टोबरात लेकीने खिडकीवर बदली माणूस दिला आणि तिघी गेल्या. खालून नव्या चामड्याचा वास जिन्यावर येत होता. खोलीत बुटकं टेबल, दोन लहान खुर्च्या, खिडकीला जाड पडदा. तपासणाऱ्या बाई तरुण होत्या. खारूला त्यांनी ठोकळे देऊन बाहेरच्या खोलीत बसवलं.

"आधी कुठे तपासणी झाली होती?"

लेकीने फेब्रुवारीतला कागद पुढे केला. तपासणाऱ्या बाईंनी तो वाचला आणि क्षणभर तसाच धरून ठेवला.

"यात मूळ चाचणीतले थोडेच भाग घेतलेत. निदान करायला हे पुरत नाही. पण त्या भागांची चित्रं, कोडी तिने बघितली आहेत. इतक्यात तीच चाचणी घेतली तर गुण फुगलेले येतील. वर्ष उलटू द्यावं लागेल."

"म्हणजे मार्च?" लेक म्हणाली. "यंदा वार्षिक परीक्षा तर फेब्रुवारीत. जास्तीचा वेळ, लेखनिक, ते सगळं?"

"पूर्ण अहवालाशिवाय शाळा देणार नाही. मी पत्र देऊन बघते, पण आशा धरू नका. शिकवायचं कसं ते मात्र आजपासून बदलता येईल. थोडं विचारते. घरात कोणाला वाचायला जड जायचं?"

"छे," लेक म्हणाली. "आई डायरी लिहिते रोज. आणि बाबांचा तर सकाळचा पेपर चुकायचा नाही."

आत्ता गप्प राहिलं तर कोणाला कधी कळणार नव्हतं. बाहेर खारूने रचलेले ठोकळे कोसळल्याचा आवाज आला.

"ह्यांना वाचता येत नव्हतं," बाई म्हणाल्या. "डोळे उत्तम होते. अक्षरं हलायची, म्हणायचे."

लेकीने मान वळवून आईकडे बघितलं. "बाबा? पेपर वाचायचे ते."

"चित्रं बघायचे. तू समोर असलीस की पान उलटायचे."

तपासणाऱ्या बाईंनी नोंद केली. "हे कळलं ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "मुलीला सांगा. आजोबांचंही असंच होतं म्हटलं की मुलांना धीर येतो."

जिना उतरताना लेक म्हणाली, "फोनवर तुला हेच विचारलं होतं ना त्यांनी? म्हणून त्या माणसाकडे नेलंस तिला."

"त्याने विचारलं नसतं म्हणून."

"तुझी लाज वाचली आणि तिचं वर्ष गेलं."

"हो."

लेक आणखी बोलली असती तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. रस्त्यावर आल्यावर तिने खारूचा हात धरला आणि आईच्या पुढे चालू लागली. थांब्यावर मात्र दोघी थांबल्या.

"माझी टेस्ट का नाही झाली?" खारूने मागे वळून विचारलं.

"माझ्यामुळे," बाई म्हणाल्या. "मी चुकीच्या ठिकाणी नेलं तुला आधी. आणि कंटाळा करतेस म्हटलं, तेही चुकलं. तुझ्या आजोबांचीही अक्षरं हलायची."

खारूने थोडा विचार केला. "मग तू दहा वेळा लिहिणार?"

लेकीला हसू आलं. तिने तोंड फिरवलं, पण बाईंना ते दिसलं. त्या हसण्यात आपल्याला जागा नाही, हेही दिसलं. बस आली तेव्हा दोघी मायलेकी पुढच्या बाकावर बसल्या, बाई मागच्या. बसभर खारू विचारत होती, आजोबांना दुकानांच्या पाट्या कशा कळायच्या, दहा वेळा त्यांना कोण लिहायला लावायचं. लेक म्हणत होती, "आजीला विचार." आणि बाई, जेवढं आठवत होतं तेवढं, पुढे वाकून सांगत होत्या.

घरी आल्यावर लेकीने भात टाकला. बाईंनी वही घेतली, तारीख घातली आणि दिवसभराचं सगळं लिहिलं, फेब्रुवारीत गाळलं होतं त्यासकट. शेवटची ओळ अशी: संध्याकाळी पाणी कमी दाबाने आलं, दोन बादल्या भरून ठेवल्या.