बोअरच्या केबलीतली पेटी

गाडीत गाणी वाजवायची असतील तर माणसाने आधी नातेवाईक कमी करावेत आणि मगच अॅम्प्लिफायर घ्यावा. मी उलटं केलं. म्हणून आज सोनपेठच्या बाजारात माझी गाडी वळली की लोक रस्ता सोडून गटारीच्या कडेला उभे राहतात.

हौस माझी नव्हती, हे आधीच सांगतो. कान गेले होते अण्णांचे. अण्णा म्हणजे माझे वडील. नोकरी कारकुनाची, पण जीव हार्मोनियममध्ये. तरुणपणी आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत ते पेटी वाजवायचे आणि जयंतीच्या दिवसांत पार्टी गावोगाव फिरायची. अण्णांनी भाता हलवला की तीन शिवारांपलीकडचे बैल माना डोलवत, असं सांगणारे लोक अजून हयात आहेत. आता मात्र त्यांच्या कानाशी परातीवर लाटणं हाणलं तरी ते विचारत, "कोन आलंय?" कानात घालायचं मशीन आणलं, तर म्हणाले, "ह्याच्यात भांडे लय वाजायलेत, माणसं येईनात ऐकू." दुसऱ्या दिवसापासून ते मशीन उशाखाली निवृत्त झालं.

अशात त्यांच्या पार्टीची एक जुनी कॅसेट सापडली. मी ती पेनड्राइव्हवर भरून आणली. घरात त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने लावली तर गल्ली भांडायला आली. मग गाडी सुचली. काचा वर, अॅम्प्लिफायर डिक्कीत, मागे दोन दांडगे स्पीकर आणि पुढच्या सीटवर अण्णा. "माझी पेटी मला येकदा ऐकव," एवढंच ते म्हणाले होते. माझ्यासाठी तेवढं पुरे होतं.

राहिल्या केबली. केबल म्हणजे वायर, आणि वायर म्हणजे वायर, असं मलाही वाटायचं. पण महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून मी असा तयार झालो होतो की मला कुणीही विमानाचं वायरिंग सोपवावं. एक जाड केबल बॅटरीपासून डिक्कीपर्यंत, करंटसाठी. दुसरी डॅशबोर्डातल्या टेपपासून डिक्कीपर्यंत, आवाजासाठी. ही दुसरी नाजूक असते. तिच्या आतल्या तारेवर जाळी हवी, नाहीतर गाडीच्या इंजिनाची कुरकुर गाण्यात शिरते. आणि दोघींना गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्यायचं, सवतींसारखं.

परभणीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर जी केबल आपटली ती अजगराएवढी होती. मी घाबरून मागे सरकलो.

"शुद्ध तांबं हाय," तो म्हणाला. "पिना सोन्याच्या."

"सोन्याच्या?"

"मुलामा. पर सोनं ते सोनंच ना साहेब."

मी खिशातली किल्ली काढली आणि केबलीचं टोक खरवडलं. वरचं तांबडं निघालं आणि आत पांढरंफेक अॅल्युमिनियम! माझा असा संताप झाला की दुकानातले पंखे आपोआप बंद पडले.

"हे काय हाय?"

"ते आतून पांढरंच असतंय," तो शांतपणे म्हणाला. "माणसाचं बी हाड पांढरंच असतंय की."

दुकानातली एकूणएक केबल खरवडून शेवटी मी अस्सल तांब्याची, जाळी असलेली जोडी निवडली. दुकानदाराने ती पिशवीत अशी टाकली, जशी काही त्याची मुलगी मी पळवून नेत होतो.

घरी आलो तर अंगणात दाजी. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे मालक, राणीसावरगावचे शेतकरी. आख्खा जन्म बोअरमधून पाण्याच्या मोटारी वर ओढण्यात गेलेला. बातमी त्यांना अक्काकडून कळली होती. खांद्यावर बोअरच्या मोटारीच्या चपट्या केबलचं भेंडोळं, एवढं मोठं की एसटीच्या कंडक्टरने त्यालाही सीट दिली असावी.

"मेव्हणे, वायर इकत आनली?" ते पिशवीकडे बघून हसले. "घरात जावई आसताना?"

"दाजी, ती मोटारीची केबल हाय."

"मंग? ही बी मोटारच हाय की." आणि त्यांनी माझ्या गाडीच्या बोनटवर थाप मारली. "चारशे फूट पान्यात ऱ्हायली ही केबल, तिला काय हुईना. तुमची काचंच्या दुकानातली वायर पावसाळा तरी बगील का?"

आमच्याकडे जावयाने आणलेली वस्तू परत करायची पद्धत नाही. जावयाने उद्या हत्ती आणला तरी त्याला वैरण घालावी लागेल. मी अण्णांकडे आशेने पाहिलं. मी काय म्हणतो ते त्यांना ऐकू आलं नाही, पण केबल दिसली. ते हात जोडून म्हणाले, "जावईबापू, तुमी हाव म्हनून आमी हाव." मी अक्काला फोन लावला. ती म्हणाली, "आरं, त्यांचं मन मोडू नको. रात्रभर भेंडोळं पुसायलं होतं मानूस." संपलं. माझ्या घरात मला कुणी वाली उरला नाही.

बरं, करंटपुरती ती वापरली असती तर मी गप्प बसलो असतो. तांबं खरं होतं, ते मी खरवडून पाहिलं. पण दाजींची बुद्धी थ्री-फेजची. केबलीत तीन तारा: लाल, पिवळी, निळी. एकही रिकामी राहिलेली त्यांना बघवेना.

"लाल करंटला," ते टेस्टर तोंडात धरून म्हणाले, "निळी अर्थिंगला, आन् पिवळी गान्याला."

"दाजी! गाणं करंटच्या बगलेतून न्यायचं नसतं!"

"का? भांडन हाय का त्यांचं?"

"जाळी लागती आवाजाच्या तारेला!"

"जाळी कोंबड्याला लागती, मेव्हणे."

मी अंगणात येरझाऱ्या घालत ओरडत होतो. बायको खिडकीतून म्हणाली, "वराडू नका, त्यांना चहा द्यायचाय." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या माणसाने टेपच्या सोन्याचा मुलामा नसलेल्या पिना कापल्या, डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरांचा आवाज त्या एकट्या पिवळ्या तारेत घुसवला आणि वर बोअरच्या जॉइंटला लावतात ती काळी चिकटपट्टी अशी गुंडाळली की आत पाण्याचा थेंबही शिरला नसता.

गाडी चालू केली. अण्णा पुढे, दाजी मागे. पार्टीचं गाणं सुरू झालं आणि मी एक्सलेटर दाबला.

काय सांगू! एखाद्या डासाला लाऊडस्पीकर मिळावा तशी शिट्टी उठली. एक्सलेटर वाढवावा तशी ती चढायची, सोडावा तशी उतरायची. गोदावरीच्या काठचे बगळे त्या दिवशी उडाले ते आंध्रातच उतरले म्हणतात. समोरून येणाऱ्या एसटीने आम्हाला अॅम्ब्युलन्स समजून वाट दिली. माझ्या दाढा हिरड्यांत सैल झाल्या. मी गाणं बंद करून गाडी कडेला घेतली आणि मागे वळून गर्जना केली, "बगा! बगा ही तुमची पिवळी!"

दाजींनी दोन्ही बोटं कानांत घातली होती. डोळ्यांत पाणी होतं. म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं. पण त्यांनी काही बोलण्याआधी पुढून अण्णांचा आवाज आला.

"बंद का केलास?"

त्यांचा हात डॅशबोर्डवर होता आणि बोटं हलत होती. नुसती हलत नव्हती, सुरांवर पडत होती.

"माझीच पेटी हाय ही," ते म्हणाले. "हितं माझा येक सूर चुकलेला. आजून तसाच हाय."

बारीक, उंच आवाज त्यांच्या कानांतून कधीच गेले होते. त्यामुळे ती शिट्टी, जिने आख्ख्या तालुक्याचं डोकं उठवलं, ती त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "अण्णा, शिट्टी यायलीय. माझ्याकडं चांगली केबल हाय, आत्ता बदलतो."

"कुठं हाय शिट्टी? जावईबापू, तुमाला यायलीय का?"

दाजींनी बोटं कानांतून काढली, डोळे पुसले आणि थेट माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "न्हाई बा. मला तर कायबी येईना."

हा माणूस माझा जावई असता तर मी पोरगी परत आणली असती!

"अण्णा, बदलली तर आजून साफ ऐकू यील," मी पुन्हा ओरडून विनवलं.

"हात लावू नको." त्यांनी माझं मनगट धरलं. "लय वर्षांनी आलंय ऐकू. बदलायला जाशील, आन् परत गेलं तर?"

मी हात मागे घेतला. दुनियेतल्या साऱ्या व्हिडिओंत याचं उत्तर नव्हतं. अस्सल तांब्याची, जाळी असलेली, मी किल्लीने पारखून आणलेली केबल पिशवीत पडली आणि बोअरची केबल राज्य करू लागली. अन्याय म्हणतात तो हाच.

आणि हे एवढ्यावर भागलं नाही. पुढच्या रविवारी अण्णा म्हणाले, झरीला चल. झरी म्हणजे परभणी ओलांडून पुढे. तिथे त्यांच्या पार्टीतले तबलजी राहतात. वय झालेलं, पण कान असे शाबूत की मुंगी शिंकली तर जीते रहो म्हणतील. त्यांना मागच्या सीटवर बसवलं. मी भीतभीत, बैलगाडीच्या चालीने निघालो. तेवढ्यातही ते पुढे वाकले.

"आपल्या पार्टीत बासरी कोन वाजवायचं रे?"

"कुनीच न्हाई," अण्णा म्हणाले. ते वाक्य त्यांना कसं ऐकू आलं कोण जाणे.

"मंग ही कोन वाजवायलंय?"

अण्णांच्या चेहऱ्यावरचा उजेड एकदम उतरला. ते कानाजवळ हात नेऊन ऐकायला लागले, आणि त्यांना काही सापडेना. आरशातून मी तबलजींकडे पाहिलं आणि मान हलवली. म्हाताऱ्याने एकदा मला, एकदा अण्णांना न्याहाळलं.

"न्हाई न्हाई," ते म्हणाले, "माझंच कान वाजायलेत. पेटी मात्र झकास, गड्या."

म्हणजे झरीही फितूर! ह्या जिल्ह्यात एका खऱ्या माणसाच्या बाजूने उभं राहणारं कुणी नाही. गाणं रंगात आलं तसे तबलजी सीटच्या पाठीवर ठेका धरायला लागले आणि अण्णा वैतागून मला म्हणाले, "आरं, दाब की जरा! चालत जावं का झरीपतूर परत?"

मी दाबला. शिट्टी आभाळात गेली. मागे तबलजींनी दोन्ही हात कानांवर नेले आणि सम चुकू नये म्हणून तसेच झटक्यात खाली आणले.