बिबड्यांची गोष्ट

तार आली तेव्हा मी ओट्यावर बसून पाच शेजारणींना हसवत होते. जळगावात आमच्या मेहरूणच्या गल्लीत संध्याकाळचा हा रोजचाच कार्यक्रम. मी कुणाची तरी नक्कल करायची आणि बायकांनी पदर तोंडाला लावून हसायचं. त्या दिवशी मी एका विहीणबाईंचं रुसणं चांगलं तिसऱ्या अंकापर्यंत आणलं होतं. तारवाल्याने सायकल भिंतीला टेकवली, तर मी त्यालाही म्हटलं, "थांबा हो, एवढं रुसणं संपू द्या." तो बिचारा थांबलासुद्धा... तार धुळ्याची होती. कमल गेली होती. माझी मावसबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. अडतीसही पुरी नव्हती.

याला सहा आठवडे झाले. तिच्याविषयी लिहायचं तर अशा गोष्टीविषयी लिहावं लागेल, जी आपल्याकडे बायका कुजबुजतात आणि पुरुष ऐकू न आल्यासारखं करतात. रविवारच्या चहाबरोबर पाळीचा विषय नको, असं ज्यांना वाटेल त्यांनी खुशाल पान उलटावं. कमलच्या बाबतीत सगळ्यांनी तेच केलं होतं.

कमल धरणगावची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मावशीकडे राहायला जायची, आणि नेमकी तेव्हाच बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायची धामधूम. ज्वारी तीन दिवस भिजवायची, कांडायची, दळायची आणि भल्या पहाटे चुलीवर मोठ्या पातेल्यात तिचं पीठ शिजवायचं. ते पीठ ढवळताना खांदे निखळायचे. पण 'बाहेर' बसलेल्या बाईला त्या पातेल्याच्या आसपासही फिरकायची मनाई. तिची सावली पडली तरी बिबडे लाल पडतात म्हणे. मी पंधरा-सोळा वर्षांची होते आणि अक्कल नको तिथे भरपूर होती. ढवळायच्या दिवशी मी तोंड पाडून जाहीर करायची, "मावशी, मला कावळा शिवला." मग माळवदाकडच्या खोलीत गोणपाटावर लोळत कैऱ्या खायच्या आणि खालून येणारे बायकांचे सुस्कारे मोजायचे. एकदा एकाच महिन्यात मी दोनदा बाहेर बसले. मावशी बोटं मोजत म्हणाली, "कावळा शिवतो का तुला पोरी, का कावळ्यांनी घरटंच बांधलंय?"

त्या खोलीत कधीकधी कमलही असायची. पण ती खरीच. तिचं सगळं तेव्हापासूनच बेभरवशाचं होतं. दोन-दोन महिने काही नाही, आणि मग एकदा सुरू झालं की दहा-बारा दिवस थांबायचं नाव नाही. ती भिंतीकडे तोंड करून पोटाशी गुडघे घेऊन पडलेली असायची. मी कैरीची फोड पुढे केली की नुसती मान हलवायची. "लग्न झालं की बसेल ठिकाणावर," असं मावशी म्हणायची. आमच्याकडे मुलींच्या प्रत्येक दुखण्यावर हे एकच औषध होतं.

ते औषधही देऊन झालं. कमल धुळ्याला भास्कररावांच्या घरी गेली. सरकारी नोकरी, शिंदखेड्याकडे शेती, आणि घरात सासूबाई, ज्यांना सगळी आळी अक्का म्हणत असे. लग्नानंतर तीन-चार महिन्यांनी मी भेटायला गेले. दुपारी चहा झाला, बायका जमल्या, अक्का म्हणाल्या, "जळगाववाली लई नकला करस म्हने." मला तेवढं पुरे होतं. मी बिबड्यांची गोष्ट काढली. मावशीचं बोटं मोजणं केलं, सुस्कारे केले, तोंड पाडणं केलं. बायका लोळायच्या बाकी राहिल्या होत्या. गोष्ट आणखी रंगावी म्हणून मी सोंगात कमललाही ओढलं. "आम्ही दोघी," असं म्हटलं. दोघी कशा ठरवून बाहेर बसायचो, दोघी कशा कैऱ्या चोरायचो... सगळ्यांत जास्त अक्का हसल्या, डोळे पुसत. कोपऱ्यात सुपारी कातरणारी कमलही सगळ्यांबरोबर थोडी हसली.

तिला त्या घरात पुढे जे भोगावं लागलं, ते त्या दुपारपासून. अवेळी पाळी आली की अक्का तिला सरळ कामचुकार ठरवायच्या, "काम उनं का हिले कावळा शिवस." बारा दिवस रक्त जात असलं तरी पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घालून तिला चुलीपुढे बसवायचे. दोन महिने चुकले की उलट तऱ्हा. लगेच दुधाचा पेला, तुपाची धार आणि आळीभर बातमी. तिसऱ्या महिन्यात पाळी आली की तो पेला बंद, आणि लोकांना सांगितलेलं परत घ्यावं लागलं म्हणून आठवडाभर अबोला. असं तीनदा झालं. ती जाड होत गेली, आवाज घोगरा झाला, वैशाखातही तिला गार वाटायचं, बसल्या जागी डोळा लागायचा. भास्करराव वाईट नव्हते, पण दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचे, "लहानपणापासूनची सवय आहे ती. ताईंनीच तर सांगितलंय." ताई म्हणजे मीच.

मग कमलने पुरावा गोळा करायला घेतला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला दोऱ्याने पेन्सिल बांधली आणि ज्या दिवशी रक्त गेलं त्या तारखेवर ठिपका द्यायला लागली. वर्षभराचं ते कॅलेंडर तिने एकदा अक्कांपुढे ठेवलं. अक्कांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, "ठिपका देनारी कोन? तूच ना?" वकिलालाही सुचणार नाही असा प्रश्न.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी ती आमच्याकडे एका लग्नाला आली आणि मांडवातच चक्कर येऊन पडली. मी तिला तशीच रिक्षात घालून एका लेडी डॉक्टरकडे नेली. बाई अबोल होत्या. त्यांनी कमलची मान उजेडाकडे वळवली, थुंकी गिळायला सांगितली, गळ्याच्या खालच्या बाजूला बोटं ठेवली, नाडी मोजली. कमलने पिशवीतून कॅलेंडरं काढली, सात वर्षांची. बाईंनी ती एकेक करून सगळी पाहिली. मला वाटतं, कमल त्या दिवशी तिथेच अर्धी बरी झाली.

"हे आधी कुणाला दाखवलं नाही?" बाईंनी विचारलं.

मी आपली नेहमीसारखी पुढे झाले. "त्यांना वाटायचं, कामाचा कंटाळा करते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पाळी सुरू होते तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होतेच, त्यात काही नाही. पुढेही ती बिघडत असेल तर कारणं पुष्कळ असतात. अंगात रक्त कमी असतं, उपासतापास, धसका, क्षय, बीजकोशांचा बिघाड, नाहीतर गळ्यातली ही थायरॉइडची गाठ. हिची गाठ मंद झालीय. रक्त तपासून खात्री करू. पण कामाचा कंटाळा हे कारण मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही."

गोळ्या सुरू झाल्या. सहा महिन्यांत पाळी महिन्याच्या महिन्याला यायला लागली, आवाज सुटला, पायांवरची सूज गेली. पण इतकी वर्षं उपचाराविना गेली होती, त्यांची किंमत हृदयाने मोजली होती. ते पुढे कधीच धड झालं नाही. मूलही झालं नाही.

पहिल्या दिवशी दवाखान्यातून परतताना एस. टी. स्टँडवर कमल म्हणाली होती, "ताई, त्या बिबड्यांच्या गोष्टीत मी नव्हते ना गं?"

"अगं, तू नसतीस तर गोष्ट कशी रंगली असती?" मी म्हटलं.

ती हसली नाही. "अक्कांना एकदा सांगशील? तुझ्या तोंडून ऐकलंय त्यांनी, तुझ्याच तोंडून खरं वाटेल. डॉक्टरांच्या कागदाला त्या जळगावचं खूळ म्हणतील."

सांगते म्हणाले. पुढच्या आठ वर्षांत मी धुळ्याला किती वेळा गेले असेन... दर वेळी अक्का तीच गोष्ट मागायच्या. एकदा मी कमलला वगळून सांगून पाहिली. गोष्ट पडली. कुणी हसेना. तेव्हा मी तिला पुन्हा आत घेतली, आणि कमल आमच्यापुढे चहाचे कप ठेवत होती.

तेराव्याला घर भरलेलं होतं. भास्करराव खांबाला टेकून बसले होते. जेवणं झाल्यावर अक्कांनी मला जवळ बोलावलं, हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "इंदू, ती बिबडास्नी गोष्ट सांग वं. जीव हलका व्हई."

बायका सरसावून बसल्या. मी उभं राहून सांगितलं, की सोंग मी एकटी करायची. कमल त्या खोलीत खरीच पडलेली असायची, प्रत्येक वेळी. तिला मी गोष्टीत घातली ती हशासाठी. नक्कल केली नाही, आवाज काढला नाही. माझ्या आयुष्यातला हा एकच प्रयोग असा, की शेवटपर्यंत कुणाच्या तोंडाला पदर गेला नाही.

अक्कांनी हात सोडला. म्हणाल्या, "मंग इतला वरीस का बरं नही सांगं?"

निघताना भास्कररावांनी भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिलं, पेन्सिलीसकट.

ते आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. पाळी सुरळीत झाल्यावर ठिपके कुणाला दाखवायचे नव्हते, तरी तिने देणं सोडलं नव्हतं. दर महिन्याला चार-चार ठिपके, अगदी नीटस, एका रेषेत. शेवटच्या ठिपक्यानंतरची पानं कोरी आहेत. परवा माझी तेरा वर्षांची छाया त्या पेन्सिलीशी चाळा करत म्हणाली, "आई, माझी मागच्या महिन्यात आलीच नाही. हे कसं लिहायचं?"

डॉक्टरबाईंनी सांगितलेलं मला ठाऊक होतं, या वयात काळजीचं काही नसतं. आणि कावळ्याचा एक फार चांगला विनोद जिभेवर आला होता. तो गिळला. तिला खिडकीशी नेलं, हनुवटीला धरून मान उजेडाकडे वळवली आणि म्हटलं, "कधीपासून, ते आधी मला सांग."