माझ्या चुलीवरचा द्राक्षरस

"हा कुणाच्या चुलीवर उकळला?"

मोठ्या बाईंनी हे विचारलं तेव्हा मी चर्चच्या पायरीवर उभी होते. हातात स्टीलचा डबा. डब्यात रस. काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून, कुस्करून, धुतलेल्या फडक्यातून गाळलेला. त्या रविवारी प्रभुभोजन होतं, भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांनी मिळून घ्यायचा विधी. आमच्या गावात बारा महिने ताजी द्राक्षं कुठून मिळणार, म्हणून आमच्याकडे मनुकांचाच रस करतात.

"माह्या," मी म्हटलं.

बाईंनी डबा माझ्या हातातून घेतला. मला वाटलं, आत नेतील. त्यांनी तो पायरीशेजारच्या मोगऱ्याच्या आळ्यात ओतला. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मंडळी येत होती, चपला काढत होती, बघत होती.

"तुझ्या चुलीवर आठवडाभर काय काय शिजतं ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "ते प्रभूच्या मेजावर नको." मग पायरीवर उडालेले थेंब दाखवून म्हणाल्या, "आणि हे पुसून घे."

मी पुसलं. माझ्याच पदराने पुसलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, हात आपोआप खाली गेला. बाईंनी एका पोरीला दुकानावर पाठवलं, तिनं लाल सरबताची बाटली आणली. त्यात पाणी घालून ते छोट्या ग्लासांत भरलं. पाळकसाहेबांनी त्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ट्रे फिरत फिरत शेवटच्या बाकापर्यंत आला आणि मी पण तो ग्लास उचलला. प्यायले. हे मी लपवणार नाही. फार गोड होतं ते, दातांना चिकटत होतं.

आमचं गाव दिग्रसहून एसटीने पाऊण तासावर. चर्चच्या मागे जुनं कंपाउंड आहे. तिथल्या घराण्यांच्या आज्या-पणज्यांनी गोऱ्या साहेबाच्या हातून बाप्तिस्मा घेतला, म्हणून तिथले सगळे शिक्षक, क्लार्क, नर्स. मोठ्या बाई तिथल्याच. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्या. त्यांचे मिस्टर मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीचे सेक्रेटरी. आणि आम्ही वस्तीवरचे. माझी आई नंतर चर्चमध्ये आली. गावच्या हॉटेलात तिची कपबशी वेगळी टांगलेली असायची. इथे सगळे एकाच पेल्यातून पितात, असं कुणीतरी तिला सांगितलं, म्हणून ती आली. तिला दुसरं काही समजलेलं नव्हतं, पण तेवढं पक्कं समजलं होतं.

मी चर्च झाडते, बाक पुसते, सतरंज्या टाकते. रस करायचं काम पाळकीणबाईंचं. त्यांच्या लेकीचं बाळंतपण यवतमाळला होतं, जाताना मनुकांची पुडी माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, या वेळी तू कर. त्यांच्या स्वयंपाकघरात त्याच्यासाठी वेगळं पातेलं आहे. पण किल्ली त्या सोबत घेऊन गेल्या. मग मी माझ्या घरी केला. पातेलं राखेनं तीनदा घासलं. चुलीत कपाशीची पऱ्हाटी घातली, पुरा वेळ बाजूला बसून राहिले. इतकीच माझी चूक.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. तरुण माणूस आहे, मनाने वाईट नाही. पण कंपाउंडच्या माणसांशी बोलताना त्याचा आवाज बारीक होतो. तो म्हणाला, "ताई, बाई तुमच्यावर नाराज आहेत. तुम्ही जाऊन माफी मागा. आणि मनातून त्यांना क्षमा करा. या आठवड्यात तुम्ही क्षमेचंच वचन घ्या. मत्तय, अठरावा अध्याय."

वचन घ्यायचं म्हणजे काय ते सांगते. दर बुधवारी संध्याकाळी पाळकसाहेब वर्ग घेतात. प्रत्येकाने शास्त्रातलं एक वचन निवडायचं, आठवडाभर ते जगायचं आणि पुढच्या बुधवारी काय घडलं ते सांगायचं. कुणी सांगतं, शेजारणीला लिंबं दिली. कुणी सांगतं, सुनेला तीन दिवस टोचून बोलले नाही. सगळे आमेन म्हणतात. नुसतं वाचून वाढ होत नाही, पाळायला लागतं, असं पाळकसाहेब फळ्यावर लिहून ठेवतात.

मी वाचायला शिकले ती याच वर्गात, पस्तिशी उलटल्यावर. बोट ठेवून वाचते. मधूनच एखादा आकडा शोधायचा म्हटला की माझी फजिती होते, म्हणून मी अध्याय वरपासून सुरू करते. सत्तर वेळा सात क्षमा करण्याचं वचन बरंच खाली आहे. त्याच्या आधी माझं बोट दुसरीकडेच थांबलं. तिथे प्रभू सांगतो की तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर जा, दोघंच असताना त्याला त्याची चूक दाखव. नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत घेऊन जा. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग.

मी चारदा वाचलं. इतकी वर्षं मी प्रवचनं ऐकली, क्षमेवरची तर दहा-बारा असतील. ही तीन वाक्यं मला कुणी मोठ्याने वाचून दाखवली नव्हती. आणि आता ती वाचली होती, न वाचल्यासारखं करता येत नव्हतं.

माझी भीती काय होती तेही सांगते. माझी पोर सुवार्ता बारावी पास झाली. तिला मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगला जायचं होतं. फॉर्मसोबत मंडळीचं पत्र लागतं. मुलगी सभासद आहे, घरचं वागणं चांगलं आहे, असं. त्यावर सही सेक्रेटरीसाहेबांची. फॉर्मची शेवटची तारीख तीन आठवड्यांवर होती. दुसरा रस्ता मला माहीत नव्हता. तिच्यासोबतच्या दोन पोरींची लग्नं ठरली होती.

तरी मंगळवारी गेले. एकटी. बाईंच्या फाटकापाशी दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा कडी वाजवली. बाई झोपाळ्यावर बसून मोबाईल बघत होत्या. त्यांना वाटलं, माफीसाठी आली. बस म्हणाल्या नाहीत.

"बाई, तुम्ही त्या दिवशी रस ओतला. ते चुकलं तुमचं," मी म्हटलं. "मले लागलं ते. शास्त्रात लिहिलं हाये, एकट्यानं जाऊन सांगा. म्हणून आली."

बाईंनी मोबाईल बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तुला मी अक्षर ओळखायला मदत केली. हे फळ त्याचं?"

खरं होतं. वर्गातल्या पाट्या त्यांनीच दिल्या होत्या.

"जाताना फाटक लाव," त्या म्हणाल्या.

मी लावलं. त्या दिवशी जेवले नाही.

शास्त्रातल्या दुसऱ्या पायरीला सोबत माणूस हवा होता. सगळ्यांनी बघितलं होतं, पण दिसलं कुणालाच नव्हतं. कुणी म्हणे, मी चप्पल काढत होते. कुणी म्हणे, उन्हाने नीट कळलं नाही. शेवटी दानीएलबाबा उरले. चर्चची घंटा वाजवतात ते, वस्तीवरचेच, सत्तरीच्या पुढचे.

"मले कायले नेतं पोरी," बाबा म्हणाले. "त्या घंटेशिवाय माह्याजवळ काय हाये? ते बी काढून घेतील."

"मी बी भेऊन राह्यली, बाबा."

"मंग कायले चालली?"

"लिहिलं हाये म्हणून."

बाबांनी डोक्याला टापर बांधलं. "चाल," म्हणाले. "फक्त मले बोलाले लावू नको."

या वेळी सेक्रेटरीसाहेबच समोर आले. बाई आतून ऐकत असाव्यात, पडदा हलत होता. मी तेच सांगितलं. बाबांनी मान हलवली, बस. साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. हसून म्हणाले, "सुवार्ताचं पत्र टाईप करून ठेवलंय मी. फक्त सही बाकी आहे. आधी हा विषय मिटू दे. बाईंची माफी माग, संध्याकाळी पत्र घेऊन जा."

मला त्या पत्राचा कोपरा टेबलावर दिसत होता. मंडळीचा शिक्का दिसत होता. माफी मागते, असे शब्द तोंडात आले होते. अगदी ओठापर्यंत. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, खाली बघत राहिले, आणि का कोण जाणे, मी वळून बाहेर आले.

उरली तिसरी पायरी. मंडळीला सांग.

आमच्याकडे उपासनेत साक्षीची वेळ असते. ज्याला प्रभूने काही दिलं तो उठून सांगतो. ताप उतरला, पोराला नोकरी लागली, बोअरला पाणी लागलं. मी इतक्या वर्षांत एकदाही उठले नव्हते. त्या रविवारी मी उठले तेव्हा पाळकसाहेब खूश झाले. "ताई क्षमेचं वचन जगल्या आहेत," ते माईकवर म्हणाले.

समोरचा बाक घट्ट धरला होता मी. सोडला असता तर पडले असते.

"मोठ्या बाईनं माह्या हातचा रस मोगऱ्यात ओतला," मी म्हटलं. "मी एकटी जाऊन सांगितलं. मंग दानीएलबाबाले घेऊन सांगितलं. त्यायनं ऐकलं नाही. म्हणून आता मंडळीले सांगते. त्या दिवशी तुम्ही समद्यायनं सरबत पेलं. मी बी पेली. कोणाच्याच तोंडून शब्द निघाला नाही."

सेक्रेटरीसाहेब पहिल्या बाकावरून म्हणाले, "ही साक्ष नाही, तक्रार आहे. बसा."

"बसत नाही," मी म्हटलं. हे मी कसं म्हटलं, मला अजून कळत नाही.

पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. शांतीसाठी, एकीसाठी, बरीच लांब. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी उभीच राहिले, डोळे उघडे ठेवून. आयुष्यात पहिल्यांदा मी प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवले. सगळी डोकी दिसत होती मला, कंपाउंडची आणि वस्तीची. माझ्या शेजारी सुवार्ताचं डोकं. तीही खाली बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

घरी आल्यावर ती बोलली. "आई, मांगून घे न माफी. दोन शब्द तं हायेत. माह्या जिंदगीचा सवाल हाये, तुह्या रसाचा नाही."

बाईंच्या बोलण्याने मी इतकी घाबरले नव्हते. पोरीच्या या बोलण्याने घाबरले. कारण तिचं चूक नव्हतं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भाकर स्वतः वाढून घेत होती.

पाचव्या दिवशी मी तिला समोर बसवलं. म्हटलं, "मी माफी मांगतली तं त्याचा अर्थ काय होते, तूच सांग. माह्या हातानं रस नासला, असं मी कबूल केलं. माहा हात तसा, तं तुहा बी तसाच. मंग तू त्या दवाखान्यात कोणाच्या अंगाले हात लावशीन? नर्सचं कामच हात लावाचं हाये."

ती रडली. हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही.

आता फॉर्मला आठ दिवस उरलेत. मी कमिटीला अर्ज दिला आहे. स्वतः लिहिला, बोट ठेवून दोनदा तपासला. पत्र द्या, नाहीतर का देत नाही ते लिहून द्या, एवढंच. पोच मागितली तर कमिटीचा क्लार्क माझ्याकडे बघत राहिला. मी पोच घेतल्याशिवाय हलले नाही. त्यांनी लिहून दिलं तर तो कागद घेऊन मी सुवार्तासोबत दवाखान्याच्या दारात जाईन आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरला वाचून दाखवीन. नाही लिहून दिलं तर हेही सांगेन.

मी क्षमा करणार नाही असं नाही. बाईंनी पायरीवर उभं राहून, जितक्या लोकांसमोर ओतलं तितक्या लोकांसमोर, चुकलं म्हणावं. त्या दिवशी करीन. तोपर्यंत दर रविवारी साक्षीच्या वेळेला मी उठणार. माईक बंद केला तर माईकशिवाय बोलणार. मी बाक धरून उभी राहीन.