तात्पुरती सिस्टर

नर्सिंगचं शिक्षण मी सांगलीत घेतलं आणि लग्न होऊन झाशीला आले. सीपरी बाजारातलं सासरचं घर मराठी, पण उंबरा ओलांडला की सगळं हिंदी. नोकरीसाठी विचारायला गेले तेव्हा कळलं, माझी नोंदणी महाराष्ट्राची, ती इथे चालत नाही. इथली करून घ्यायची तर दोन्हीकडे खेटे घालायचे. तेवढ्यात मुलगी झाली आणि ते राहूनच गेलं. ऑटो इस्पितळावरून गेली की मी मान वळवून बघत राहायचे.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत नर्स पुरेनात. तेव्हा दुसऱ्या राज्यात नोंदणी असलेल्यांनाही तात्पुरतं काम करायची परवानगी मिळू लागली. मी अर्ज केला.

"आत्ता?" नवरा म्हणाला. "सगळे दारं लावून बसलेत आणि तू तिथे जाणार?"

सासूबाई भेंडी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जाऊ दे तिला. आली तेव्हापासून तिचा जीव तिथेच अडकलाय. पोरीला मी बघते."

पहिला दिवस. पीपीई किटच्या आत घामाच्या धारा, चष्म्यावर वाफ. पण एका पेशंटच्या हाताची शीर बोटांना लागली, सुई नीट आत गेली, आणि मला एकदम रडू आलं. किटमध्ये डोळे पुसता येत नाहीत. तशीच पुढच्या खाटेकडे गेले.

त्या वॉर्डात एक म्हातारी होती. सारखा मास्क ओढून काहीतरी पुटपुटायची. "बड़बड़ा रही हैं," असं म्हणत वॉर्डबॉय तो परत लावायचा. मी वाकून कान दिला.

"कुशीवर करा गं मला. कुशीवर."

इथल्याच जुन्या मराठी घरातली बाई, जन्मभर हिंदी बोललेली. तापात तिची हिंदी पार पुसली गेली होती. आम्ही तिला कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली. हळूहळू धाप कमी झाली, ऑक्सिजनचा आकडा वर सरकला.

"कुणाची गं तू?" तिने विचारलं.

सासरचं आडनाव सांगायचं की माहेरचं, सुचेना. म्हणाले, "मी इथली सिस्टर, आजी."

काही दिवसांनी ती घरी गेली. तिच्या शेजारच्या खाटेवरची बाई नाही गेली. तिचे हात मीच सरळ केले.

लाट ओसरली तशी आमची परवानगीही संपली. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "अब पक्का रजिस्ट्रेशन करवा लीजिए, दीदी. हमें आपकी ज़रूरत है।" या वेळी मी खरंच दोन्हीकडे अर्ज केले. मधली इतकी वर्षं काम का केलं नाही, अशी विचारणा आली. उत्तर पाठवलं. अजून काही कळलेलं नाही.

ते दिवस मला हवेसे वाटतात, हे कुणापाशी बोलता येत नाही. गल्लीतल्या कितीतरी घरांतून तेव्हा माणसं गेली. मला ती लाट नको आहे. मला तो वॉर्ड हवा आहे, सकाळी ड्यूटीवर जाताना पायांत येणारी ती घाई हवी आहे. शेजारणी बीपी मोजून घ्यायला येतात, चहा पितात, "शुक्रिया, भाभी जी" म्हणून जातात. मशीनचा पट्टा गुंडाळून ठेवताना मी उगाचच जास्त वेळ घेते.