आधी मारायचं काय ते सांगा

फाटकातून आत आले की मामा आधी कुणाला नमस्कार करायचे नाहीत. खांद्यावरची पहार दोन्ही हातांनी डोक्यावर न्यायची आणि अंगणाच्या मधोमध अशी हाणायची की खिडकीच्या काचा वाजल्या पाहिजेत. मग ती किती आत गेली ते बघायचं, उपटायची, टोकाची माती बोटांनी चुरायची. घरमालक बिचारा मोबाईल घेऊन उभा. मोबाईलमध्ये कुठल्यातरी परदेशी बंगल्याच्या बागेचा फोटो. "मामा, इथं काय काय लावता येईल?" मामा मातीकडे बघतच म्हणायचे, "लावायचं मागनं बगू. आधी मारायचं काय ते सांगा."

मामा म्हणजे आमचे माळी, सगळी कॉलनी त्यांना मामाच म्हणायची; श्रीरामपुरात आमच्या कॉलनीतल्या निम्म्या बागा त्यांच्या हातच्या. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आणि सगळे बांधतात तसं घर बांधलं. तुम्हीही बांधलं असेल तर तुम्हाला माहीत आहे, रंगकाम संपलं की माणसाला बागेचे प्रश्न पडायला लागतात. हिरवळ लावावी की फरशी टाकावी? नारळ कुठल्या दिशेला? भिंतीला वेल चढवला तर भिंत फुटते का? मामांकडे सगळ्यांची उत्तरं होती, पण ती ऐकायला काळीज घट्ट लागायचं.

हिरवळ म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "तुमच्या आज्यानं सारा जन्म हरळी खनन्यात घातला. कुदळीनं खांडोळी केली, उन्हात वाळवून मारली. अन् तुमी तीच हरळी टेम्पोत घालून आनता? वर पानी पाजता?" फरशी टाकणाऱ्याला ते म्हणायचे, "जमिनीचं नरडं दाबा. मंग पावसाळ्यात पानी घरात शिरलं की मला बलवू नका."

रातराणी लावली की साप येतो का, हा प्रश्न तर प्रत्येक घरातली बाई विचारते. मामा म्हणत, "साप फुलाला येत न्हाई, बाई. साप उंदराला येतो. अन् उंदीर तुमच्या सैपाकघरातनं येतो." एकदा आमच्याच शेजारच्या गल्लीत विटांच्या ढिगात घोणस निघाली. माणसं काठ्या घेऊन लांबून आरडाओरडा करत होती. मामा गेले आणि फावड्याच्या एका घावात तिचे दोन तुकडे केले. लोकांनी वाहवा केली. मामा मात्र माझ्या ओट्यावर येऊन बसले, आणि चहाची बशी त्यांच्या हातात राहीना. सगळा चहा धोतरावर सांडला. मला तेव्हा वाटलं, वय झालं.

गुलाब छाटायला आले की घरातल्या बायका आत निघून जायच्या. हिरवीगार, कळ्या धरलेली झाडं ते कोयत्याने गुडघ्याएवढी करून ठेवत. एका डॉक्टरीणबाईंना रडू आवरेना. मामा म्हणाले, "रडू नका. दीड महिन्यानं भांडायला या." बाई खरंच आल्या, पण ओंजळभर फुलं घेऊन. मामांनी ती फुलं घेतली नाहीत, त्यांना तोडलेली फुलं आवडत नसत. हा माणूस मला कधी पुरता कळला नाही.

त्यांचा एकच नियम होता आणि त्यासाठी ते कुणाशीही भांडत. मोठं झाड हद्दीपासून दहा फूट आत. सोनईकडच्या एका बागायतदाराने भिंतीलगत नारळ लावला, हळदीकुंकू वाहून, भटजीला दक्षिणा देऊन. मामांनी सगळ्यांदेखत तो नारळ उपटला आणि अंगणात फेकला. घरच्यांनी त्यांना धक्के मारून बाहेर काढलं. ते बाहेरून ओरडत होते, "हद्दीवरचं झाड रगत मागतं! आज न्हाई मागनार, पोरं मोठी झाल्यावर मागंल!"

मामांकडे कोयता होता, कुदळ होती, पहार होती. कुऱ्हाड नव्हती. वाळलेला शेवगा पाडायचा होता तेव्हा मी माझी कुऱ्हाड पुढे केली, तर ते दोन पावलं मागे सरले. तासाभराचं काम त्यांनी कोयत्याने दिवसभर केलं. मास्तरकीची खोड, मी कारण विचारलंच.

नेवाशाच्या बाजूला त्यांचं गाव. दोन भाऊ, दोन वाटण्या, मधे बांध आणि बांधावर एक बाभूळ. धाकट्याने शेळ्यांसाठी बाभळीची फांदी तोडली. "फांदी माझ्या अंगाला हुती, मास्तर. एवडंच. म्या कुऱ्हाड घिऊन गेल्तो ती त्याला भ्या दावायला. त्यो हसला. मंग काय झालं मला ठावं न्हाई. त्याचं हसू तसंच ऱ्हायलं अन् मान एका अंगाला गेली." मामा जेलात गेले. तिथल्या बागेत कामाला लावलं, तिथेच हे सगळं शिकले. एवढं सांगून ते उठले आणि शेवग्याच्या बुंध्यावर घाव घालायला लागले.

आता माझ्याबद्दल. मी मामांचं चित्र काढायला बसलोय, पण त्यात मला उभं राहावंच लागेल.

माझ्या भिंतीपलीकडे अण्णा राहतात. शेती नेवासा तालुक्यात, पोरांच्या शिक्षणासाठी इथे बंगला. त्यांच्या आईने स्वतःच्या हाताने एक कडुनिंब लावला होता, भिंतीपासून जेमतेम दोन फुटांवर. म्हातारी त्याच्याखाली बसून धान्य निवडायची आणि तिथेच बसल्या बसल्या एके दुपारी गेली. अण्णा त्या झाडाला चप्पल घालून शिवत नसत. आणि त्या झाडाच्या मुळांनी माझी जमिनीतली पाण्याची टाकी फोडली. नळाला पाणी दिवसाआड, आणि साठवलेलं सगळं मुळं पिऊन जायची. दोनदा टाकी बांधून घेतली, दोनदा फुटली. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "टाकी हलवा, मास्तर. आई हलवता येत न्हाई."

मी मामांना विचारलं, हे झाड गुपचूप मारायचं कसं? आधी मारायचं काय असं रोज विचारणारा माणूस, मला वाटलं, खूश होईल. मामांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"लोक बुंध्याला भोक पाडून हिंग भरत्यात," ते म्हणाले. "झाड वाळतं. पन मास्तर, तुमी झाड मारा, त्यो तुमाला मारंल. टाकी दुसऱ्या अंगाला घ्या. खड्डा म्या फुकाट खनून देतो."

मी तीस वर्षं पोरांना अंधश्रद्धेवर धडे दिले. हिंगाने झाड मरतं यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. तरी अण्णा सहकुटुंब लग्नाला गेल्याचं पाहून मी स्टुलावर चढलो, भिंतीवरून वाकून ड्रिलने बुंध्याला चार भोकं पाडली, स्वयंपाकघरातला हिंग भरला, आणि विश्वास नव्हता म्हणूनच की काय, वर संडास धुवायचं ॲसिड ओतलं. मग भोकं मातीने लिंपली. हात धुतले, जेवलो आणि झोपलो. मला छान झोप लागली, हेही लिहून ठेवतो.

दीड-दोन महिन्यांत कडुनिंब पिवळा पडला, मग नागडा झाला. अण्णांनी खतं घातली, औषधं मारली. एका रविवारी सकाळी बुंध्याची साल खरवडताना त्यांना लिंपलेली माती दिसली.

मामा तेव्हा माझ्या अंगणात लिंबोणीला आळं करत होते. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. फाटक लाथेने उघडलं आणि अण्णा आत आले. हातात कुऱ्हाड. डोळे माझ्यावर. "मास्तर," एवढंच म्हणाले आणि पुढे चालायला लागले. मी पेपर हातात घेऊनच उठलो.

मामांनी कुऱ्हाड पाहिली. मी त्यांचा चेहरा तेव्हा पाहिला, तो विसरता येत नाही. ते आळ्यातून उठले आणि आमच्या दोघांच्या मधे येऊन उभे राहिले.

"अण्णा, हिंग म्या भरला. मास्तरला काय बी ठावं न्हाई."

पहिला घाव कुऱ्हाडीच्या पाठीने खांद्यावर बसला. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. मामा गुडघ्यावर आले. दुसरा कोपरावर. तिसरा बरगडीवर. अण्णा रडत होते आणि मारत होते. "माझी आय हुती ती! माझी आय!" मामांच्या तोंडातून रक्त आलं, दात मातीत पडले. मग अण्णांनी दांडा हातात फिरवला आणि पातं मामांच्या बाजूला आलं. तेव्हा मामा ओरडले. तोवर ते ओरडले नव्हते.

"पाठीनं मारा, अण्णा! पायजे तेवडं मारा, पन पाठीनं! पात्यानं नगा! पात्यानं मारलं की मानूस माघारी येत न्हाई... मारनारा बी येत न्हाई!"

अण्णांचा हात वर तसाच थांबला. मग दांडा पुन्हा फिरला, पुन्हा पाठ खाली आली, आणखी दोन-तीन घाव बसले, पण त्यांत जोर नव्हता. कुऱ्हाड टाकून अण्णा निघून गेले.

हे सगळं होत असताना मी ओट्यावर होतो. पाच पावलांवर. माझ्या हातात पेपर होता. दोन शब्द बोलायचे होते, 'मी भरला', आणि मी मूग गिळून उभा राहिलो.

दवाखान्यात मामांनी पोलिसांना सांगितलं, झाडावरून पडलो. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. उजवा हात वाकडा जुळला. पहार सोडा, पाण्याचा तांब्याही त्यांना त्या हाताने उचलता येईना. मी सफरचंदं घेऊन जायचो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "अण्णा घरीच हाय ना? धरला न्हाई ना?"

"घरीच आहेत."

"मंग बरं."

मी म्हणालो, "मामा, माझ्यासाठी तुम्ही..."

"तुमच्यासाठी न्हाई केलं, मास्तर," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, ते फक्त चूक दुरुस्त करत होते. "त्याला दोन पोरं हायत. मला बी हुती. जेलातनं आलो तवा वळखत न्हवती." मग म्हणाले, "टाकीचं बगा आता. मूळ मेलंय, बांधून घ्या." मी टाकी बांधून घेतली. आता ती गळत नाही.

मामा गावी गेले. ज्या भावाला त्यांनी मारलं, त्याच्या बायकोने त्यांना पडवीत जागा दिली. मी थंडीत भेटायला गेलो तेव्हा त्यांना वारून आठ दिवस झाले होते. त्या बाईने मला पाणी दिलं. म्हणाली, "म्या त्यांच्यासंगं शेवटपतुर बोलले न्हाई. भाकर कुस्करून त्यास्नी घालत हुते, कारन त्यांचा हात चालत न्हवता. पन बोलले न्हाई." पडवीत त्यांचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं.

परतताना एसटीत मी ठरवलं. घरी न जाता सरळ अण्णांच्या फाटकात गेलो. अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं. मामा गेले. हिंग त्यांनी नव्हता भरला, मी भरला होता. ॲसिडही मीच ओतलं. अण्णा उठतील, मारतील, आणि मारलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाच्या तरी हातचा मार हवा होता.

अण्णा उठले नाहीत.

"मला ठावं हुतं," ते म्हणाले. "त्याच दिवशी ठावं हुतं. भोकं तुमच्या अंगाला, ड्रिलची गोल भोकं. त्या गरिबाकडं कुठलं ड्रिल?"

"मग त्यांना का मारलंत?"

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात एखाद्या सोप्या प्रश्नाला मी पोरांकडे पाहायचो. "तुमाला कसं मारनार, मास्तर? तुमी मास्तर. कॉलनी उठली असती, केस झाली असती. त्यो म्हनला म्या केलं. मंग त्याला मारलं. कुनाला तरी मारायचंच हुतं."

मग त्यांनी आत हाक मारून चहा सांगितला. दोन कप आले. त्यांनी माझ्यासाठी दुसरी खुर्ची ओढली, आणि मी बसलो, आणि चहा प्यायलो.