ताईचा हत्ती

आमच्या ताईचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. दगडापुढे बसली की मात्र गाय. दगड घडवायला वडिलांकडून शिकली ती. मी धाकटा भाऊ. तिच्या छिन्न्यांना धार लावतो आणि बोलणी खातो.

देवळांच्या जुन्या आवारात आम्ही डागडुजीला आहोत. मोठ्या देवळाच्या जोत्याभोवती दगडी हत्तींची रांग आहे. पुढचे शिडशिडीत, मागचे गुटगुटीत. बांधकाम आजोबापासून नातवापर्यंत चाललं, हात बदलत गेले. "इथं माझा एक तरी हत्ती हवा," असं ताई लहानपणापासून म्हणायची. मधला एक हत्ती झिजून पार सपाट झाला होता. तो नव्यानं घडवायचं काम तिलाच मिळालं.

ताईनं जीव ओतला. हुबेहूब शेजारच्यासारखा हत्ती. तीच सोंड, तीच कानाची घडी. वर काळ्या चहाचं पाणी चोळून रंगही जुनाट आणला. दगड बसला. देखरेखीचे साहेब रांगेपुढून दोनदा गेले.

"नवा कुठला?"

ताई फुलली. मी म्हटलं, जिंकलं!

"हात सोन्याचा आहे बाई तुमचा," साहेब म्हणाले, "पण हा चालायचा नाही. लोक याला शेकडो वर्षांचा समजतील. नवा दगड नवा दिसला पाहिजे. आकार तेवढा ठेवा, बारकावे नकोत."

"म्हणजे चांगलं केलं हीच चूक?" ताई कडाडली आणि तिथून निघून गेली.

पुढे माझी काही धडगत नव्हती. चहा गोड झाला तरी मी, छिन्नी बोथटली तरी मीच. मग एका सकाळी ती रांगेपुढे मांडी घालून बसलेली दिसली.

"अरे, हा बघ, पुढच्याची शेपूट ओढतोय. तो बघ कसा रुसलाय. प्रत्येकानं आपापला केलाय रे! मीच मेली नक्कल करत बसले."

नवा दगड घेतला. सोंड, कान, पाठ, बस्स. अंगावर छिन्नीचे घाव उघडे ठेवले. साहेबांनी मान डोलावली. पहिला हत्ती आता आमच्या शेडच्या दाराशी असतो. मी त्याच्यावर डबा ठेवतो.

परवा एक आजी नातीला घेऊन आल्या. पोरगी सगळी रांग सोडून ताईच्या हत्तीपाशी थांबली. तो पहिला रांगेत असता तर त्याच्यापाशी कोण कशाला थांबलं असतं?

"आजी, हा वेगळा आहे. कोणी केला गं?"

ताई पार वर परांचीवर होती. तिला ऐकू कसं गेलं कोण जाणे.

"मी!" ती तिथूनच ओरडली. "मी केला!"